तुळशीची भावकी

"आधी हुंग, मगे बोल."

हे वाक्य कानावर आले की समजायचे, आता टाळी वाजणार. चीफ डाव्या तळहातावर एक हिरवे पान ठेवायचा, त्यावर उजवा हात फाडकन मारायचा आणि दुसऱ्या क्षणी तो तळवा आपल्या नाकाखाली आणायचा. नको म्हणायला तोंड उघडावे तर पान ओठाला चिकटायचे. आमच्या तारकर्लीच्या वाडीत या तळव्यातून कोणी सुटले नाही. पोस्टमनने हुंगले, वायरमनने खांबावर चढण्याआधी हुंगले, मते मागायला आलेल्या उमेदवारानेही हुंगले. उमेदवाराने तर हुंगून झाल्यावर हात जोडून डोळे मिटले. त्याला वाटले, प्रसाद आहे.

चीफ म्हणजे मालवाहू बोटीवरचा चीफ कुक. जन्मभर बोटीवर रांधून तो निवृत्त झाला आणि आमच्या शेजारी, म्हणजे स्वतःच्याच घरी, कायमचा राहायला आला. वयाने तो माझ्यापेक्षा बराच मोठा. तोंडावर मी त्याला 'तुमी'च म्हणायचो, पण आमच्याकडे माणसाची थट्टा करायची तर पाठीमागे त्याला एकेरीत घ्यावे लागते, आणि चीफची थट्टा केल्याशिवाय आमच्या वाडीला जेवण जात नसे. त्याच्या बायकोला मात्र आम्ही सगळे वहिनी म्हणतो आणि अहोजाहो करतो. त्यांना एकेरीत घेण्याची छाती वाडीत कोणाची नाही, चीफचीही विशेष नव्हती.

निवृत्त दर्यावर्दी आम्ही खूप पाहिले आहेत, तुम्हीही पाहिले असतील. कोणी घराला गलबताच्या आकाराची गॅलरी काढतो, कोणी परदेशी बाटल्यांत मनीप्लांट लावतो. चीफने इटलीच्या कुठल्याशा बंदरातून बियांची एक पुडी आणली होती. बेसिलची. आपण फालुद्यात ज्याचे बी घालतो, त्या सब्ज्याच्या घरातलेच हे झाड. म्हणजे बी आम्ही पिढ्यान् पिढ्या गिळत आलो. पण त्याच झाडाचे पान कोणी पेल्यात टाकलेले दिसले, की आमचा धर्म बुडायला लागतो.

त्याने ते कशात टाकले नाही ते विचारा. कोकम सरबतात पान, कैरीच्या पन्ह्यात पान, लिंबूपाण्यात पान, शहाळे फोडून त्याच्या तोंडात पान. पान सुरीने कापायचे नाही, काळे पडते, हाताने फाडायचे, उकळत्यात घालायचे नाही, शेवटी वरून टाकायचे. हे सगळे तो बोटीवरच्या पोऱ्यांना दम द्यावा तसा आम्हाला सांगायचा. आम्ही मान हलवायचो आणि पेला घेऊन घरी जायचो. वाटेत कोणी भेटले की ठरलेला प्रश्न यायचा, "ताप इलो काय रे तुका?" कारण आमच्याकडे तुळशीसारखे पान पेल्यात दिसले म्हणजे माणूस काढा पितोय, एवढेच ठाऊक.

सोलकढीत पान घातले त्या दिवशी मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. वाडीतले सर्वांत जुने खोड म्हणजे आबा. त्यांनी वाटी तोंडाजवळ नेली, खाली ठेवली आणि चीफला म्हणाले, "आज सोलकढीत पान घातलंस. उद्या कोंबड्याच्या सागोतीत जास्वंद घालतलंस."

"आबा, आधी हुंगा..."

"हुंगान काय करू? माका दिसता मा!"

भज्यांचीही एक तऱ्हा होती. एकेक पान पिठात बुडवून तो अलगद तेलात सोडायचा, डोळे बारीक करून झाऱ्याने उलटायचा. तळून झाल्यावर पान कुठे जायचे देव जाणे, हातात पिठाचा पापड यायचा. आमच्या घरी मी पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देतो. त्या पर्यटकांवर चीफ प्रयोग करायचा. पुण्याच्या एका बाईंनी त्याच्या पन्ह्याचे आठ बाजूंनी फोटो काढले, "अगदी इटलीत असल्यासारखं वाटतंय हो," म्हणाल्या, आणि पेला तसाच ठेवून माझ्याकडे साधा चहा मागितला. चीफला मी फोटोंचे सांगितले. चहाचे सांगितले नाही, पण तो तिथेच उभा होता.

आता थट्टाच करायची तर खरेही सांगितले पाहिजे. गार कलिंगडाच्या फोडींवर मीठ, लिंबू आणि फाडलेले पान टाकून तो जे काही द्यायचा, ते मी दोन घरांमधल्या दगडी गडग्याआड उभा राहून बशी चाटून खाल्लेले आहे. आणि ओल्या काजूगरांबरोबर ते पान वाटून केलेली त्याची हिरवी चटणी घावण्यावर घेतली, तर घावणे मोजायचे भान राहत नसे. पण हे वाडीत बोलून दाखवणे म्हणजे आबांशी वैर.

आमच्या रेतीला मात्र इटली मानवली नाही. चीफने ओळीने कुंड्या मांडल्या. पहिली रोपे कोंबड्यांनी उकरली, दुसरी बकरीने खाल्ली, तिसऱ्यांना खारा वारा लागून ती करपली. बकरीच्या मालकाला तो जाब विचारायला गेला, तर तो म्हणाला, "माझी बकरी आजारी पडली तर तूच भरून दितलंस." शेवटी चार चांगली रोपे तेवढी पडवीत, जुन्या टोपात उरली. ती चीफने पोटच्या पोरांसारखी जपली.

त्याच सुमारास, शिमगा आटोपल्यावर, वहिनी भावाच्या मुलीच्या लग्नाला फोंडाघाटला माहेरी गेल्या. जाताना त्यांनी चीफला एकच काम सांगितले. अंगणातल्या वृंदावनातल्या तुळशीला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचे. बस. जगातली सगळी बंदरे बघितलेल्या माणसाला एवढे एक काम.

तो रोज पहाटे उठून टोपातल्या रोपांना पाणी घालत होता, पानापानावर फुंकर मारत होता, आणि पाच पावलांवर तुळस वाळत होती. वहिनींचा 'निघाले' म्हणून फोन आला तेव्हा त्याने वृंदावनाकडे पाहिले. तिथे काड्या होत्या.

तुम्ही आम्ही काय केले असते? शेजाऱ्याकडून तुळशीचे रोप मागून आणले असते. माझ्या अंगणात चार उगवलेली होती. पण बायकोची तुळस मारली हे शेजाऱ्याला कळण्यापेक्षा मरण बरे, असा चीफने विचार केला. त्याने टोपातले सर्वांत तजेलदार रोप उपटले आणि वृंदावनात लावले. मी गडग्यावरून हे सगळे पाहत होतो.

"चीफ, ह्या काय चल्लासा?"

तो दचकला. मग छाती काढून म्हणाला, "तुळशीची भावकी ती. आडनाव एकच."

"भावकी म्हणान कोण कोणाच्या देवघरात जावन बसता?"

"आमच्या भावकीत बसतत," तो म्हणाला. हे मात्र खरे होते. त्यांच्या देवघराचा वाद दोन पिढ्या कोर्टात चालला होता.

वहिनी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनी, तांब्या घेऊन वृंदावनापाशी आल्या आणि थांबल्या. जी बाई जन्मभर रोज सकाळी तुळशीपुढे उभी राहिली, तिला पान ओळखू येणार नाही, असे फक्त नवऱ्यालाच वाटू शकते. त्यांनी वाकून वास घेतला. पडवीत चीफ वर्तमानपत्र वाचत होता, उलटे. मी आणि माझी बायको गडग्याच्या अलीकडे उभे होतो.

वहिनींनी पाणी घातले. हळद-कुंकू वाहिले. प्रदक्षिणा घातली. आणि पडवीकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "आता ही वृंदावनात बसली मा? मगे ही तुळस. पारोशान हात लावचो नाय. मासे खाल्लेल्या दिसाक लावचो नाय. दिवेलागणीनंतर नाय. आणि आयतवारी तर पान तोडूचाच नाय."

चीफच्या हातातले वर्तमानपत्र खाली आले. "अगो, आयतवारीच तर गिऱ्हाईक येता!"

"गिऱ्हाईकाक सोमवारी येवक सांगा."

झाले असे होते, की चीफने त्याच उन्हाळ्यात समुद्राच्या वाटेवर माडाच्या झापांचा मांडव घालून सरबताचे दुकान काढायचे ठरवले होते. पाटीची फळीही रंगवून झाली होती. आणि आठ दिवसांत टोपातली उरलेली तीन रोपे माना टाकून मेली. तग धरून राहिले ते वृंदावनातले एकटे. तिथे तांबडी माती होती, सकाळचे ऊन होते, दुपारी माडाची सावली होती, आणि रोज न चुकता पाणी होते. ते असे फोफावले, की वृंदावन दिसेना.

मग आम्ही जे पाहिले ते बघायला तिकीट लावायला हवे होते. भल्या सकाळी चीफ विहिरीवर आंघोळ करायचा, पंचा नेसून ओलेत्याने वृंदावनापुढे उभा राहायचा, नमस्कार करायचा आणि सरबतासाठी पाने खुडायचा. वहिनी दारात उभ्या असायच्या. हात चुकून मासे खाल्लेल्या दिवशी पुढे गेला तर नुसत्या खोकायच्या. मालवणी माणूस बुधवारी मासे खाणार नाही, तर खाणार कधी? पण चीफ बुधवारी बाजारातल्या टोपल्यांवरून नजर वळवून निघून जायचा. तळलेल्या बांगड्याचा वास आमच्या घरातून गेला, की तो मांडवात बसून लिंबे जास्त जोरात पिळायचा. शनिवारी खुडलेली पाने ओल्या फडक्यात गुंडाळून तो रविवारसाठी ठेवायचा. ती हमखास काळी पडायची. म्हणजे बाकीचे दिवस हिरवीगार पाने असायची आणि माणूस नसायचा, रविवारी मांडव भरायचा आणि पेल्यात काळे पोतेरे तरंगायचे. "सरबतात काय पडलंय बघा हो," असे एका पर्यटकाने म्हटलेले मी स्वतः ऐकले आहे.

गंमत म्हणजे झाड वाढत होते ते वहिनींमुळे. ते तुळशीसारख्या मंजिऱ्या धरायचे, आणि वहिनी रोज त्या देवाला म्हणून खुडून न्यायच्या. बेसिलचे तुरे खुडले नाहीत तर झाड जून होते, पाने कडवट होतात; खुडले तर नवे फुटवे येतात. चीफ हे सगळ्यांना सांगत फिरायचा, फक्त वहिनींना नाही. सांगितले असते तर कदाचित त्यांनी मंजिऱ्या खुडणे सोडले असते.

एका दुपारी मांडवात गिऱ्हाईक नव्हते. चीफ काजूगर सोलत बसला होता, बोटे चिकाने काळी झाली होती. मी त्याला चिडवायलाच गेलो होतो. म्हटले, "चीफ, ह्या दुकानाचा नाव 'उपवास' ठेवा." तो हसला नाही.

"ग्रीक कप्तान माझ्या हातचा जेवान उठान उभो रवलो होतो," तो म्हणाला. "रशियन जेवले, फिलिपिनो जेवले. माझ्या हातचा खाल्ल्यान नाय ती घरची एकच. रजेर येय तेव्हा मी पावणो. ही माका चुलीकडे येवक देय नाय. आता घरात रवाक इलंय तर म्हणता, तुळस चावची नसता."

"मगे?"

"मगे काय? एकदा चाखूचा आणि 'बरां आसा' म्हणूचा तिना. एकदाच. दुसऱ्या दिवशी ह्यो मांडव मीच मोडतलंय."

दुकान, फळी, मांडव, आमच्या नाकाखाली आलेले ते सगळे तळवे, हे सगळे एका बाईने एक घोट घ्यावा म्हणून होते, हे मला त्या दिवशी कळले. माणसे याहून सोपे मार्ग शोधतात. साडी वगैरे आणतात.

प्रयत्न त्याने सोडला नव्हता. रोज संध्याकाळी मांडव आवरून तो एक पेला घरी न्यायचा, कधी कोकमाचा, कधी पन्ह्याचा, वर एक राखून ठेवलेले चांगले पान. आमच्या गडग्यापर्यंत संवाद स्पष्ट ऐकू यायचा.

"घे गो. गार आसा."

"तुळस चावची नसता. देवाचा पान गिळतत."

"मगे गीळ!"

"माका तहान नाय."

मे महिन्यात, तारकर्लीत, दिवसभराच्या कामानंतर तहान नाही. पेला पायरीवर राहायचा आणि सकाळी मुंग्या लागलेला असायचा.

मी एकदा वहिनींना म्हटले, "वहिनी, एक घोट घेवक काय जाता तुमचा?" त्या तांदूळ निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "इतकी वर्सां मी हय एकटी जेवलंय. तेव्हा हे जगाक वाढीत होते. आता माका एक पान दाखवतत आणि म्हणतत, चाख." मग सुपातला एक खडा अंगणात लांब फेकून दिला.

पावसाळ्यात मला वाटले होते, ते झाड सडून जाईल आणि दोघांची सुटका होईल. पण पाऊस लागायच्या आधीच वृंदावनावर झापाचे छोटे छप्पर आलेले दिसले. चीफला विचारले तर म्हणाला, "मी घालूक नाय." वहिनींना विचारले तर म्हणाल्या, "तुळस आसा ती. भिजान मरात."

कार्तिकात त्या झाडाचे यथासांग लग्न लागले. ऊस, चिंचा, आवळे, दिवे, सगळे होते. भटजींनी अंतरपाट धरायच्या आधी पाने निरखून पाहिली, बोटाने चोळली. वहिनींनी नुसते त्यांच्याकडे पाहिले. भटजींनी मंगलाष्टके सुरू केली. दक्षिणा समोर असली, की त्यांना वनस्पतिशास्त्र आठवत नाही. चीफ नवा सदरा घालून मुलीच्या बापासारखा सगळ्यांना चुरमुरे वाटत फिरत होता. "शेवटी परक्या जातीतली सून केलीच तुमी," मी म्हटले. "सून न्हय, चेडू. माझी लेक," तो म्हणाला. आबांनी चुरमुरे घेतले, पण लग्नाला मान्यता देत नसल्याचे जाहीर केले.

दुसरा उन्हाळा आला. मांडव पुन्हा उभा राहिला. चीफचे थोडे वजन उतरले होते. मासे बंद म्हणून, असे आम्ही हसत म्हणायचो. त्याला दम लागायचा तेही आम्ही मासे बंदच्या खात्यात घातले. आम्ही फार हुशार माणसे.

मे महिन्यातला रविवार होता, सकाळचे अकरा वाजायचे होते. मांडवात गर्दी होती. चीफ बर्फ आणायला म्हणून घराकडे वळला आणि अंगणातच खाली बसला. आम्ही त्याला उचलून पडवीत चटईवर निजवला. मालवणहून डॉक्टर निघाले होते, पण सुट्टीतल्या गाड्यांनी रस्ता भरलेला. चीफचे ओठ निळे पडत चालले होते. वहिनी उशाशी बसल्या होत्या. त्यांनी त्याचे डोके मांडीवर घेतले होते.

आबांनी एकवार त्याच्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "पाणी हाडा. आणि तुळशीचा पान. बेगीन."

मी धावत माझ्या अंगणात गेलो. रविवारी तुळस तोडत नाहीत, म्हणून अशा वेळीसुद्धा मी झाडाखाली गळून पडलेले पान शोधत बसलो. असली अक्कल आपल्याला वेळेवर सुचते. पान घेऊन मी परत आलो तेव्हा वहिनी पडवीत नव्हत्या. त्या वृंदावनापुढे उभ्या होत्या. त्यांनी हात घातला आणि दोन पाने खुडली. रविवारी. सगळ्या वाडीदेखत.

त्या परत येऊन बसल्या. मी चीफचे मनगट हातात धरून शेजारी टेकलो.

"ता नको गो," आबा म्हणाले. "ती खरी तुळस न्हय. ह्यो हाडता ता घे."

"हेंका ह्याच व्हया," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी एक पान पाण्यात बुडवले, त्याचे ओठ बोटांनी उघडले आणि आत ठेवले. वरून चमचाभर पाणी सोडले. ते गालावरून ओघळले, ते त्यांनी पदराने टिपले. मग दुसरे पान त्यांनी स्वतःच्या तोंडात घातले. आम्हाला वाटले, गिळतील. त्या चावू लागल्या. त्याच्या तोंडाकडे बघत, सावकाश, पुरते चावून त्यांनी ते खाल्ले. डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते त्यांनी पुसले नाही. मग त्या त्याच्या कानाजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "बरां आसा."

जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, "आयकलास? बरां आसा."

माझ्या दुसऱ्या मुठीत माझे पान तसेच राहिले होते.

चीफच्या कानावर ते गेले की नाही, यावर आमच्या वाडीत अजून दोन तट आहेत. आबा म्हणतात, तो त्याआधीच गेला होता. वहिनी म्हणतात, नाही, ह्यांची पापणी हलली. ज्याला त्याला वाटते, खरे काय ते मला विचारावे, कारण नाडीवर बोटे माझी होती. वहिनींनी पान तोंडात घातले, त्याच्या आधीच माझ्या बोटांखाली काही उरले नव्हते. मला कोणी विचारले की मी सांगतो, ऐकले त्याने. स्पष्ट ऐकले.